हनुमंताच्या टर्बोचा दम

शिरूरच्या हनुमंत कोळपेनं दौंडच्या एका निवृत्त रेल्वे गार्डाकडून जुनी डिझेल गाडी घेतली, तेव्हापासून त्याच्या तोंडात एकच शब्द बसला. टर्बो. कंपनीत चहाच्या सुट्टीत टर्बो, मार्केट यार्डात कांदा उतरवताना टर्बो. एकदा तर दाढी करून घेताना तो न्हाव्याला टर्बो समजावून सांगायला लागला आणि हनुवटी कापून घेऊन घरी आला.

"इंजिनाच्या छातीत जादा हवा कोंबतो बघा," तो ज्याला त्याला सांगायचा. "मग गाडी चढ बघत न्हाई, उतार बघत न्हाई."

गाडीनं पहिला चढ बघितला तो भुलेश्वरचा. कासुर्डीला सासूबाईंना घ्यायचं आणि सगळ्यांनी दर्शनाला जायचं, असा रविवारचा बेत होता. सासूबाई, म्हणजे बयाबाई, मानानं पुढच्या सीटवर बसल्या. मागं हनुमंताची आई गिताबाई आणि बायको मोनिका. हनुमंतानं हलगीची गाणी मोठ्यानं लावली आणि गाडी घाटाला घातली.

पहिल्या वळणापर्यंत सगळं झकास होतं. दुसऱ्या वळणावर गाडीचा जोर ओसरला. हनुमंतानं गिअर खाली टाकला, ॲक्सिलरेटर तळाला टेकवला. मागून काळा धूर निघाला, पण गाडी काही पुढं सरकेना. दोन कॅन लटकवलेला एक दूधवाला मोटारसायकलवरून शेजारून गेला आणि जाता जाता आत वाकून बघून गेला, आजारी माणसाकडं बघावं तसा.

थोड्या वेळानं बयाबाईंनी पदर सावरला. "पाव्हणं, जरा थांबवा. आम्ही होतो चालत पुढं. तुम्ही या सावकाश."

तिघी उतरल्या आणि निघाल्यासुद्धा. हनुमंत गाडी घेऊन वर पोचला तेव्हा त्यांचं दर्शन झालं होतं आणि त्या कठड्यावर बसून खोबरं खात होत्या. मोनिकानं एक तुकडा त्याच्यापुढं धरला.

सोमवारपासून हनुमंत गॅरेजं हिंडू लागला. हायवेच्या पहिल्या मेस्त्रीनं बॉनेट उघडलं, बंद केलं आणि सांगितलं, "टर्बो गेला. नवा टाका." त्यानं गाडी चालूसुद्धा केली नव्हती. दुसऱ्यानं एअर फिल्टर बदलला, डिझेल फिल्टर बदलला, आणि सपाट रस्त्यावर अशी पळवून दाखवली की हनुमंताचे डोळे भरून आले. संध्याकाळी घरची मंडळी बसवली, की पुन्हा पहिल्याच चढाला धाप. चुलतभावानं टाकीत ओतायला कसलीशी बाटली आणून दिली. त्यानं धुराला वास तेवढा चांगला आला.

मग हनुमंत चढ टाळायला लागला. कोरेगाव भीमाला लग्नाला जायचं तर आधी तिघांना फोन करून विचारायचा, "मंडपाला जाताना रस्ता वर चढतो का हो?" लग्नघरात त्याला कुणीतरी हृदयाचा पेशंट समजलं आणि जेवताना तूप वाढायला नको म्हणालं.

शेवटी एस.टी. डेपोमागच्या ज्ञानदेव आप्पांकडं तो गेला. आप्पांचं गॅरेज म्हणजे एक पत्रा आणि एक खड्डा. पण आप्पा पान्याला हात लावायच्या आधी प्रश्न विचारत.

"कवा दम सोडती?"

"चढाला. माणसं बसली की."

"एकटे असताना?"

"मग पळती की."

"आन् तवा आवाज कसला येतो?"

हनुमंतानं मान खाजवली. "गाणी चालू असत्यात, आप्पा."

आप्पांनी डोकं हलवलं. मग स्टिअरिंगखाली एक छोटं मशीन जोडलं, गाडी जागेवर चालू केली आणि आकडे वाचले. सगळं ठीक होतं.

"उभ्या गाडीला कुठं दम लागतोय?" आप्पा म्हणाले. "ओझं पायजे. त्या दिशी जेवढी माणसं होती तेवढी बसवून आणा."

"कांद्याची पोती भरली तर?"

"चालतील की. पण पोत्याला ऐकू येत न्हाई."

आता आली पंचाईत. बयाबाई डोळे तपासायला म्हणून शिरूरला लेकीकडंच आल्या होत्या. पण ज्या बाईला घाटात उतरून चालावं लागलं, तिला जावयानं म्हणायचं तरी कसं, की मामी, वजनाला म्हणून चला? दुपारभर तो ओट्यापाशी घुटमळला. दोनदा पाणी प्यायला. शेवटी म्हणाला, "मामी, गाडीचं टेस्टिंग हाय. तुम्ही बसलात तर… म्हंजी सगळ्याच बसलात तर… बरं पडंल."

"वजनाला व्हय?" बयाबाईंनी विचारलं.

हनुमंताचे कान तापले. गिताबाईंनी भिंतीकडं तोंड फिरवलं, पण त्यांची पाठ हसत होती.

"चला की मग," बयाबाई म्हणाल्या. "वजनाला का हुईना, कुणी बोलावलं तर खरं."

घोड नदीच्या पुलावरून गावाकडं यायला चांगला चढ आहे. गाडी तिथं आणली. बयाबाई पुढं, मागं आप्पा मांडीवर मशीन घेऊन दोघींच्या मध्ये आक्रसून बसलेले. हनुमंताचा हात सवयीनं गाण्याच्या बटणाकडं गेला.

"हात लावू नका," आप्पा म्हणाले.

गाडी चढाला लागली आणि दम सोडला. आप्पा आकडे बघत होते. "इंजिन हवेचा दाब मागतंय दोन हजार, मिळतोय तेराशे. टर्बो हवा देतोय, वाटंत कुठंतरी सांडती."

त्या शांततेत बयाबाई सहज म्हणाल्या, "तीच शिट्टी वाजती बगा."

"कसली शिट्टी?" आप्पा आणि हनुमंत एकदमच.

"ही काय, माझ्या पायाच्या फुडं. फुस्स्स करती. भुलेश्वरला पण करत हुती."

हनुमंतानं गाडी कडेला घेतली. "मामी, तवाच का न्हाई बोलला?"

"जावयाच्या गाडीला नाव ठिवायचं व्हय? आन् तुमची ती हलगी. मला वाटलं, गाण्यातच असंल."

आप्पांनी गाडी थेट गॅरेजवर घ्यायला सांगितली. गॅरेजवर आल्यावर त्यांनी डाव्या बाजूचा, टर्बोकडून हवा थंड करणाऱ्या पुढच्या जाळीकडं हवा नेणारा रबरी पाइप काढला. वरून चकचकीत. खालून मात्र तेलानं फुगलेला आणि बोटभर चिरलेला. आप्पांनी एक तोंड बुचानं बंद केलं, दुसऱ्यातून थोडी हवा सोडली, वरून साबणाचं पाणी ओतलं. हवा कमी होती तोवर चीर मिटून राहिली. जोर वाढवला तशी ती ओठासारखी उघडली आणि फेसाचा गोळा बाहेर आला.

"म्हणून सपाटीला कळंना," आप्पा म्हणाले. "दौंडात चढ कुठला? त्या गार्डसाहेबालाबी ठावं नसंल. टर्बो एकदम निरोगी हाय."

नवा पाइप बसवून दोन क्लिपा आवळायला अर्धा तास लागला. पुन्हा तोच चढ. या वेळी गाडी अशी उचलली की गिताबाईंनी पुढची सीट धरली आणि आप्पांचा चष्मा कपाळावर गेला. हनुमंत मोठ्यानं हसला. पण टर्बो हा शब्द उच्चारायला काही त्याची जीभ वळेना.

चार दिवसांनी तो सासूबाईंना सोडायला कासुर्डीला निघाला. चौफुल्याच्या अलीकडं त्यानं स्वतःच विचारलं, "मामी, अजून काय ऐकू येतंय का?"

बयाबाई सावरून बसल्या. एवढी वर्षं हे त्यांना कुणी विचारलं नव्हतं.

"मागचं डावं दार खुळखुळतंय. ब्रेक दाबला की कुरकुर करतोय. गिअर टाकताना तुम्ही घाई करता. आन् आमची मोनी रात्री खोकती, ते तुमाला ऐकू येतंय का न्हाई, मला ठावं न्हाई."

मागं बसलेल्या मोनिकानं खिडकीबाहेर बघितलं. हनुमंतानं आरशात तिच्याकडं बघितलं, आणि गाडी थोडी सावकाश घेतली.

"उद्याच दाखवतो डॉक्टरला," तो म्हणाला.

"दाखवा. आन् पाव्हणं, तुमचं पोट बी वाढलंय," बयाबाई म्हणाल्या. यवत आलं तरी त्यांचं संपलं नव्हतं.