तिसरी दांडी

मिस्त्रीने तिसऱ्या अडथळ्यावरची आडवी दांडी उपटली, गुडघ्यावर धरली आणि कडकन मोडली. एक तुकडा त्याच्या हातात राहिला, दुसरा उडून गवतात पडला. कुत्र्यांच्या अडथळा-शर्यतीच्या मैदानावरची सगळी कुत्री एकदम भुंकायला लागली. भुंकली नाही ती फक्त त्याची ठिणगी. ती थोडी लांब, कान मागे टाकून बसली होती आणि त्याच्याकडे बघत होती.

"पहिली उडी मारतेस, दुसरी मारतेस," तो तिच्यावर ओरडला, "मग तिसरीलाच काय धाड भरते तुला?"

कडेला औषधाच्या दुकानाचा मालक आपल्या कुरळ्या केसांच्या पांढऱ्या कुत्र्याला पाणी पाजत होता. माणूस तसा वाईट नव्हता, पण जिभेला हाड नव्हतं.

"मिस्त्री, कुत्रीला कशाला बोल लावता? हुशार आहे ती. तुम्हाला बघून रस्ता बदलते."

दोघंतिघं हसले. औषधवालाही हसला, पण त्याचं हसू अर्ध्यावरच राहिलं. मिस्त्रीने डाव्या हाताने त्याची कॉलर धरली होती आणि उजव्याची, दांडीचा तुकडा धरलेली मूठ सरळ नाकावर बसली होती. औषधवाला पाण्याच्या भांड्यावर कोसळला. मिस्त्री त्याच्यावर बसला आणि आणखी दोन ठेवून दिल्या. पांढऱ्या कुत्र्याच्या पाठीवर लाल शिंतोडे उडाले. त्याने मिस्त्रीची पोटरी धरली तेव्हा मिस्त्रीने त्यालाही लाथ घातली. लोकांनी ओढून बाजूला केला तरी त्याचे हात हवेत चालूच होते.

शिट्टी वाजली. शिकवणाऱ्या मॅडम मिस्त्रीच्या छातीला लागतील एवढ्याच होत्या, पण मधे येऊन उभ्या राहिल्या.

"घरी जा," त्या म्हणाल्या. "परत येऊ नका."

"तो का हसला?"

"हसला म्हणून नाक फोडायचं?"

मिस्त्रीने खाली बघितलं. हातातला दांडीचा तुकडा त्याला आत्ता दिसला. तो त्याने खाली ठेवला.

"मला काढा हवं तर," तो म्हणाला. आवाज खाली आला होता. "पण शर्यतीला नाव माझ्या पोरीचं आहे. तिची जागा जाईल."

मॅडमना पोरगी ठाऊक होती. ठिणगीला घेऊन तीच पहिल्यांदा इथे आली होती. बोगद्यातून कसं जायचं, हलत्या फळीवर पाय कसा टाकायचा, हे तिनेच कुत्रीला शिकवायला सुरुवात केली होती. आता तिचा हात प्लास्टरमध्ये होता.

"हात मोडला कसा तिचा?"

"पडली."

मॅडमनी त्याच्या मुठीकडे बघितलं. मग गवतात पडलेल्या औषधवाल्याकडे बघितलं.

"पुढच्या रविवारी शेवटचं," त्या म्हणाल्या. "त्यांची माफी मागायची. आणि नवी दांडी करून आणायची."

पडली हे खोटं नव्हतं, पण खरं त्याच्या आधीच होऊन गेलं होतं.

मिस्त्री गाड्यांचे चेपलेले पत्रे सरळ करायचा. गॅरेजमध्ये त्याच्यासारखा हात कोणाचा नाही असं गिऱ्हाईकं म्हणत, आणि घरी त्याच हाताला सगळी भीत. राग नाकावर नव्हे, दारातच उभा असायचा. त्या दिवशी दार उघडायला उशीर झाला, एवढंच कारण. बायको न्हाणीघरात होती. तिने ओल्या केसांनी येऊन कडी काढली आणि आत पाऊल टाकता टाकताच त्याने तिच्या कानाखाली वाजवली. ती भिंतीवर गेली. दुसऱ्यांदा हात गेला तेव्हा पोरगी मधे आली. त्याने तिचं मनगट धरलं आणि तिला बाजूला भिरकावलं. शिलाई मशीनच्या लोखंडी कडेवर हात आपटला आणि एक बारीक आवाज आला. पत्रा वाकतो तेव्हा आवाज येतो, चिरतो तेव्हा वेगळा येतो, हे त्याच्याइतकं कोणाला कळणार? तो आवाज त्याला लगेच कळला. उगारलेला हात तसाच राहिला.

त्याच संध्याकाळी मेहुणा आला आणि दोघींना आपल्या घरी घेऊन गेला. जाताना जिन्यात म्हणाला, "जित्याची खोड आहे भाऊजी, ती काय अशी जायची?" त्याच्या इमारतीत कुत्री चालत नव्हती, म्हणून ठिणगी मागे राहिली.

मग एके दिवशी बायकोचा फोन आला.

"ती विचारतेय, ठिणगीच्या शर्यतीचं काय?"

"मी पळवीन तिला," तो पटकन बोलून गेला. "सांग तिला, हात बरा होईपर्यंत मी पळवतो."

पलीकडे कुजबुज झाली. मग बायको अडखळत म्हणाली, "ती म्हणते, तुम्ही ठिणगीला घेऊन पूर्ण फेरी पळालात, एकही दांडी न चुकवता, तर घरी येऊ. ठरलं म्हणून सांग, म्हणते."

"आणि तू?"

"मी ती येईल तिथे."

पोरींच्या अटी अशाच असतात. मोठ्या माणसाने शपथ मागितली असती, पोरीने शर्यत मागितली. मिस्त्रीला वाटलं, सुटलो. पाच उड्या, एक बोगदा, एक फळी. एवढं न जमायला काय झालं?

पण ते जमेना. गॅरेजच्या मागच्या अंगणात त्याने पाइप कापून अडथळे उभे केले. ठिणगी पहिली उडी झकास मारी, दुसरी त्याहून झकास. तिसरीपाशी उजवीकडे वळायचं असे, आणि तिथे तो वळला की ती बाहेरच्या बाजूला झेप घेऊन दांडी चुकवून निघून जाई. त्याने गोंजारून बघितलं, बिस्किटं दाखवून बघितली, आरडाओरडा करून बघितलं. शेवटी संयम सुटला. हातातला हातोडा त्याने भिरकावला तो गिऱ्हाइकाच्या गाडीवर, आणि नुकत्याच सरळ केलेल्या दारात खड्डा पडला. त्याने तशीच चामड्याची पट्टी उचलली आणि कुत्रीवर धावला. पट्टी सणसणत खाली आली, पण फरशीवर. ठिणगी तिथे नव्हतीच. त्याचा हात वर जायच्या आधीच ती पिंपामागे गेली होती. त्याने पिंपाला लाथ घातली. पिंप आडवं झालं, जुनं तेल अंगणभर पसरलं, आणि ते पुसताना त्याला रडू आलं. रागाचं होतं की कसलं, त्याचं त्यालाच कळलं नाही.

ठरलेल्या रविवारी तो नवी दांडी घेऊन मैदानावर गेला. औषधवाल्याच्या नाकावर आडवी चिकटपट्टी होती.

"चुकलं माझं," मिस्त्री जमिनीकडे बघत म्हणाला.

"ते मला नाक शिंकरताना रोज आठवतं," औषधवाला म्हणाला आणि चार पावलं लांब जाऊन उभा राहिला.

मेहुण्याची गाडी आली. तिघं उतरून जाळीपलीकडे उभी राहिली. मेहुण्याने खिशातून शेंगदाण्यांची पुडी काढली. बायको वाळली होती. पोरीचा प्लास्टरचा हात गळ्यात अडकवला होता आणि प्लास्टरवर कोणीतरी पेनाने कुत्र्याचं तोंड काढलं होतं. ठिणगीने तिला पाहिलं आणि अख्खं अंग हलवलं. दोन आठवडे घरात तो आणि कुत्री, आणि दोघंही एकमेकांशी काही न बोलणारी. या दोघी परत आल्या तर तो काय वाटेल ते करायला तयार होता.

तो पळाला. पहिली, दुसरी. तिसरीला ठिणगी बाहेरून गेली.

पुन्हा पळाला. पुन्हा बाहेरून.

"ए भवाने!" तो गरजला. जाळीकडे नजर गेली तसा त्याने ओठ चावला, पण हाताची मूठ वळली होती.

मॅडम जवळ आल्या. "कुत्री द्या लेकीकडे. आता तुम्ही एकटे पळा."

"एकटा? उड्या मी मारू?"

"उड्या नाही, कडेने पळायचं. हात दाखवायचा, आवाज द्यायचा, जणू ती बरोबर आहे. सगळे नवे लोक करतात. मला तुम्हाला बघायचंय, तिला नाही." मग थांबून त्या म्हणाल्या, "कुत्रं आपल्या तोंडाकडे लक्ष देत नाही, मिस्त्री. खांद्याकडे देतं. वळताना तुमचा उजवा खांदा खाली जातो आणि मागे खेचला जातो. ती तो बघते आणि बाजूला होते. ती चुकत नाही, तुमचंच ऐकते."

"हातोडा मारून मारून खांदा उतरलाय," तो म्हणाला.

म्हणाला खरं, पण ते खोटं होतं आणि ते त्याला ठाऊक होतं. पत्र्याचं काम खांद्याचं नव्हेच. गॅरेजमध्ये नव्या माणसाला तो पहिला धडा हाच द्यायचा की मनगटाने ठोक, हलकं ठोक, खांदा हलला तर पत्रा बिघडला म्हणून समज. आयुष्यभर हातोडा चालवून त्याचा खांदा कधी खाली गेला नव्हता. हा खांदा दुसऱ्याच कामाचा होता.

पट्टा जाळीच्या फाटकातून पोरीच्या डाव्या हातात गेला. मिस्त्री एकटाच पळायला लागला. भलाथोरला गडी, शेजारी कोणी नाही, आणि "हं, उडी! शाब्बास!" असं हवेला सांगतोय. लोकांना हसू येत होतं, पण औषधवाल्याच्या नाकाकडे बघून ते गिळत होते. पहिली. दुसरी. तिसरीपाशी तो उजवीकडे वळला, तोंड जाळीकडे झालं, आणि खांदा खाली गेला.

जाळीपलीकडे तिघी बाजूला झाल्या.

ठिणगी, पोरगी आणि बायको. एकाच वेळी, एकाच बाजूला, एकच पाऊल. बायकोचा डावा हात कानापर्यंत आला आणि पदर सारखा करून खाली गेला. पोरगी आईला काहीतरी सांगत होती. तिचं बोलणं मधे तुटलं नाही, हसूही मावळलं नाही. पाऊल तेवढं टाकलं गेलं. मेहुणा शेजारीच उभा होता. तो जागचा हलला नाही, शेंगदाणे खात राहिला.

मिस्त्री थांबला. त्याला वाटलं, आपल्याला भास झाला. तो होता तिथेच उभा राहिला आणि त्याने उजवा खांदा किंचित खाली टाकला. हात उचलला नाही, मूठ वळली नाही, ओरडला नाही. फक्त खांदा.

तिघी पुन्हा बाजूला झाल्या. पोरगी अजून बोलतच होती.

मॅडमही तिकडेच बघत होत्या.

"उपाय आहे," त्या म्हणाल्या. "उजवा हात कमरेच्या पट्ट्यात खोचून पळा. खांदा हलणार नाही. आज फेरी पूर्ण होईल तुमची."

होईल, हे त्यालाही कळत होतं. हात खोचायचा, पळायचं, आणि संध्याकाळी दोघी घरी. मग घरी हात कुठे खोचायचा?

"बाबा!" पोरीने जाळीतून पट्टा पुढे केला. तिचे डोळे चमकत होते. "घ्या ना! मॅडमनी सांगितलं तसं करा. आता जमेल तुम्हाला!"

तो जाळीपाशी गेला. हात मागेच ठेवले होते.

"नाही जमत मला, चिमणे," तो म्हणाला. असं तो कशाबद्दलही पहिल्यांदाच बोलत होता.

"एकदाच करून बघा ना!"

"काय ठरलं होतं आपलं?"

"पूर्ण पळालात तर..." ती थांबली. "पण तुम्ही मुद्दामच पळत नाही आहात!"

"पूर्ण पळालो का?"

तिने मान खाली घातली.

"नाही पळालो. ठरल्याप्रमाणे व्हायला पाहिजे." मग तो मेहुण्याकडे वळला, पण जपून, खांदा न हलवता. "भाऊ, कुत्रीला पण न्या. इमारतीतल्या लोकांचे पाय धरायचे असतील तर मी येऊन धरतो. माझ्याजवळ नका ठेवू तिला."

मेहुण्याच्या तोंडातला घास तसाच राहिला. त्याने बहिणीकडे बघितलं.

बायको मिस्त्रीकडे एकटक बघत होती. लग्नानंतर इतका वेळ तिने त्याच्या तोंडाकडे कधी बघितलं नसेल. तिला बघावं लागायचं दुसरीकडेच.

"ठिणगीचं काय चुकलं?" तिने विचारलं.

"तिचं काही चुकत नाही गं," तो म्हणाला. "तुमचं कोणाचंच."

पोरगी रडत गाडीत बसली. ठिणगी तिच्या मांडीवर चढली. बायकोने दार लावून घेतलं आणि काच खाली केली. त्याला हात हलवून निरोप द्यावासा वाटला. गाडी वळेपर्यंत त्याने उजव्या हाताचं मनगट डाव्या हाताने पाठीमागे घट्ट धरून ठेवलं.

मैदान रिकामं होत आलं. औषधवाला कुत्र्याला घेऊन त्याच्या बाजूने गेला, थबकला आणि या खेपेस काही न बोलता पुढे गेला. मॅडम शेवटच्या अडथळ्यापासून दांड्या गोळा करत होत्या. तिसरीपर्यंत आल्या आणि थांबल्या.

"मिस्त्री, ही ठेवू का काढू?"

तो बघत राहिला. त्याने स्वतः तासलेली नवी दांडी होती ती, एकदाही न पडलेली.

"राहू द्या," तो म्हणाला, आणि चालत पहिल्या दांडीपाशी जाऊन पुन्हा एकटाच पळायच्या तयारीत उभा राहिला.