एकशे बत्तीस तुकड्यांचं कडं

काचेच्या पेटीत गिटार उभी होती आणि तिच्या पायाशी टेकवलेल्या कार्डावर एकच नाव होतं: टी. राजगोपाल राव, नुंगंबाक्कम. कनकाने कार्ड दोनदा वाचलं. मग वाकून पेटीच्या मागच्या बाजूला आणखी एखादं कार्ड आहे का, तेही पाहून घेतलं. नव्हतं.

आयलंड ग्राउंडवरचं हे हस्तकलांचं प्रदर्शन उघडून दोन दिवस झाले होते. साल एकोणीसशे त्रेसष्ट, पोंगल नुकताच उरकलेला. राजगोपाल तिचा थोरला भाऊ. पलीकडे धुतलेल्या शर्टात उभा राहून तो येणाऱ्याजाणाऱ्याला गिटारची माहिती सांगत होता. "मी हे असं केलं, मी ते तसं केलं," तो म्हणत होता, आणि प्रत्येक 'मी' कनकाला नखाखाली कुसळ गेल्यासारखा टोचत होता.

गिटार दोघांनी मिळून केली होती. राजगोपाल एका ओतशाळेत लाकडी साचे करायचा. हात उत्तम. बरोबर काम करणाऱ्या एका वेपेरीच्या माणसाची परदेशी गिटार त्याने दुरुस्त केली, तिची मापं कागदावर उतरवून घेतली, आणि अशी आपण करायचीच हे त्याच्या डोक्याने घेतलं. मूर मार्केटात मोडक्या पियानोची फळी मिळाली, तिचा वरचा तक्ता झाला. मलबारी शिसवीच्या पट्ट्या तापल्या नळीवर वाकवून त्याने बाजू केल्या. इथपर्यंतचं सगळं त्याचं, यात वाद नव्हता. कनकाने तो कधी घातलाही नाही.

पण त्याच्यापुढे काय, हे त्याला सुचेना. उघडं लाकूड, मधे चार इंचांचं भोक, कडेला सांधे दिसतायत. "सेल्युलॉइडची पट्टी मारू, वर मोटारीचा स्प्रे रंग देऊ, झळकेल बघ," तो म्हणाला. कनका मैलापुरातल्या मुलींच्या शाळेत गणित शिकवायची. एकतीस वर्षांची, लग्न न झालेली. घरात तिच्या मताला वजन होतं, पण ते किराणा आणि पंचांग एवढ्यापुरतं. त्या दिवशी मात्र ती म्हणाली, "अण्णा, एवढ्या नाजूक तक्त्यावर जाड रंग थापलास तर आवाज गुदमरेल. आणि सेल्युलॉइड पिवळं पडतं. मला दे."

"घे की," तो म्हणाला. "तुला हौस असेल तर."

हौस. दहा महिने तिने ती हौस केली. शाळेतून आली की कापी पिऊन अंगणातल्या शेडखाली बसायची. भोकाभोवतीचं कडं कसं करायचं याचे तिने सोळा नमुने आखले. वहिनी अलकनंदा म्हणाली, कोलमची रांगोळी काढ, सोपं पडेल. कनकाने तेही आखून पाहिलं, पण वळणावर ठिपके ताणले जात होते, बघवेना. शेवटी तिने पीळ घेतला: दोरखंडाचा पीळ, वळत वळत स्वतःलाच येऊन मिळणारा. परीघ मोजला, भागला, आणि एकशे बत्तीस तुकडे ठरले. फणसाच्या पिवळ्या, आबनुसाच्या काळ्या आणि लाल अशा पट्ट्या एकमेकींना चिकटवून लाकडाची एक जाड वडी करायची आणि तिचे बर्फीसारखे पातळ काप काढायचे. प्रत्येक काप बाहेरच्या अंगाला केसभर रुंद, नाहीतर गोल मिटत नाही. पहिल्या तीन वड्या वाया गेल्या. चौथी जमली.

लाल लाकूड तिला कुठे मिळेना. मग तिने नवरात्रात मांडायच्या मरप्पाच्ची, म्हणजे लाकडी राजाराणीच्या बाहुल्यांपैकी राणीची तडकलेली बाहुली काढली. रक्तचंदनाची, आजीच्या लग्नातली. ती कापताना अलकनंदा तोंड फिरवून बसली होती. कनकालाही बरं वाटलं नव्हतं, पण तसा लाल दुसऱ्या कशात नव्हता.

कडांना तिने शिसवीचीच पट्टी बसवली आणि आतून फणसाची दोऱ्याएवढी एक रेघ. तिचा मूळ बेत तीन रेघांचा होता. दोन तिने स्वतःच खोडल्या, कारण कड्याकडे बघायचं सोडून डोळा कडेला पळत होता. मग लाखेचं पॉलिश, कापसाच्या बोळ्याने, हात फिरवून. नोव्हेंबरच्या पावसात पॉलिशने पांढुरका थर धरला तेव्हा तिने सगळं खरवडून काढलं आणि कोरडी हवा येईपर्यंत वाट पाहिली. राजगोपाल चिडला होता, प्रदर्शनाची तारीख गाठायची म्हणून. तारीख गाठली, ती तिने पहाटे उठून हात दिले म्हणून.

आणि कार्डावर एकच नाव.

ती त्याला काही बोलणार तेवढ्यात परीक्षक आले. प्रतापसिंह नावाचे म्हातारे गृहस्थ, चित्रकला शिकवून निवृत्त झालेले, गळ्यात उपरणं, हातात भिंग. तेही या भावंडांसारखे तंजावरच्या मराठी घरातले, त्यामुळे मराठीतच बोलू लागले. पेटी उघडवून त्यांनी भिंग कड्यावर धरलं ते बराच वेळ हलवलं नाही.

"वाद्य चांगलं आहे," ते म्हणाले, "पण हे कडं फार चांगलं आहे. असा पीळ मिटवणं सोपं नव्हे. हा लाल कुठला? रंगवलायत?"

"होय," राजगोपाल म्हणाला. "रंग दिलाय. पक्का रंग आहे."

कनकाच्या कानांच्या पाळ्या तापल्या. "रंगवलेला नाही," ती पुढे होऊन म्हणाली. "रक्तचंदन आहे. घरची बाहुली कापून काढलंय. आणि मिटवायचं म्हणाल तर प्रत्येक तुकडा बाहेरून रुंद आहे, त्याचा कोन काढून कापलाय."

प्रतापसिंहांनी भिंग खाली घेतलं. तिच्याकडे पाहून ते कौतुकाने हसले. "वा. घरात काय चाललंय याच्यावर बहिणीची बारीक नजर आहे." मग राजगोपालकडे वळले, "तुमची बहीण हुशार आहे हो." आणि वहीत काहीतरी लिहून पुढच्या पेटीकडे गेले.

त्यांच्या पाठोपाठ जाऊन त्यांचं उपरणं ओढावं असं तिला वाटलं. राजगोपालने एकदा तिच्याकडे पाहिलं आणि खिशातून रुमाल काढून काच पुसू लागला. काच स्वच्छ होती.

पहिलं पारितोषिक गिटारला मिळालं. घरी आल्यावर कनकाने चपला काढण्याआधी विचारलं, "माझं नाव का नाही?"

"अर्जात एकाच नावाची जागा होती."

"तर समितीला विचारायचं होतंस, दोघांचं चालेल का."

"विचारलं. संयुक्त काम घेत नाहीत म्हणाले. बायकांचा विभाग वेगळा आहे. तिथे क्रोशाचे रुमाल आणि लोणची. गिटार तिथे ठेवू?" तो हसला, तीही हसेल अशा अपेक्षेने. "अग, घरातल्या घरात काय तुझं नि माझं. सगळ्यांना माहीत आहे तू मदत केलीस ते."

"कुणाला माहीत आहे? एक नाव सांग."

अलकनंदा म्हणाली, "कनका, पोदुम, पुरे आता. आज आनंदाचा दिवस आहे."

"वहिनी, तुमच्या स्वयंपाकाला कुणी अण्णांचा म्हटलं तर तुम्ही पोदुम म्हणाल?"

त्या रात्रीच्या ताटात राजगोपालला रसम वाढायला अलकनंदाने बराच उशीर केला, हे कनकाच्या लक्षात आलं.

सोमवारी शाळेतून अर्धी रजा घेऊन कनका समितीच्या कचेरीत गेली. बरोबर सोळाही नमुने, कोनांची आकडेमोड आणि वाया गेलेल्या वडीचा एक तुकडा. चिटणीस कृष्णकांत नावाचे, चष्मा कपाळावर चढवलेले. त्यांनी कागद उलटेपालटे करून पाहिले.

"छान अक्षर आहे," ते म्हणाले. "पण बाई, प्रमाणपत्र छापून झालंय. आणि आता नाव बदललं तर तुमच्या भावाने खोटा अर्ज भरला असा त्याचा अर्थ होईल. चालेल तुम्हाला?"

"खोटा नाही, अपुरा. अपुरा होता हे लिहा."

"तसा रकाना नाही." त्यांनी चष्मा डोळ्यांवर घेतला. "असं करा. पुढच्या वर्षी नुसतं कडं करा. फ्रेम करून. बायकांच्या विभागात मी स्वतः लावतो."

"कडं फ्रेममधे लावायचं नसतं. ते भोकाभोवती असतं. त्याच्यातून आवाज येतो."

"तेही खरं," कृष्णकांत म्हणाले, आणि तिचे कागद तिच्याकडे सरकवले.

परतताना बसमधे तिने ते मांडीवर घट्ट धरले होते. भावावर राग होताच. पण आता तिला दिसलं की या रागाला एकटा भाऊ पुरत नाही. भिंगवाला कौतुक करून गेला, चिटणिसाने अक्षराची तारीफ केली. शिव्या दिल्या असत्या तर बरं, त्यांना निदान उलटून बोलता येतं.

आठवड्याभरात प्रमाणपत्र आलं आणि राजगोपालने ते हॉलमधे, घड्याळाखाली टांगलं.

मार्चमधे वेपेरीहून एक बाई आल्या. मिसेस फिलोमिना, मुलांना संगीत शिकवणाऱ्या, प्रदर्शनात गिटार पाहून पत्ता शोधत आलेल्या. त्यांना अगदी तशीच गिटार हवी होती. "कडं तेच," त्या इंग्रजीत पुन्हा पुन्हा म्हणाल्या. राजगोपालने हो म्हटलं. त्या गेल्यावर तो अंगणात आला. कनका वह्या तपासत होती.

"ऐकलंस ना? मी बाजू वाकवायला घेतो. तू वडी चिकटवायला लाग."

"मी नाही करणार."

"म्हणजे?"

"तू केलंस असं कार्डावर लिहिलंय. पारितोषिकही मिळालंय. तूच कर."

त्याला वाटलं दोन दिवसांत निवळेल. ती निवळली नाही. मग हट्टाला पेटून त्याने स्वतःच करायला घेतलं. लाकूडकाम त्याच्या हातचं होतं, तेव्हा जमेल असा त्याचा समज. पण सगळे तुकडे त्याने सारख्या रुंदीचे कापले. गोल करताना बाहेरच्या अंगाला दातांत फट राहावी तशा फटी राहिल्या. त्या त्याने भुसा आणि सरस कालवून बुजवल्या. बुजवलेलं वाळून काळं पडलं. कनका जाता येता बघायची. कोन किती अंशांचा हे एका वाक्यात सांगता आलं असतं. तिने सांगितलं नाही, आणि याचं तिला वाईटही वाटलं नाही. शेवटी त्याने मूर मार्केटातून कागदावर छापलेलं एक तयार कडं आणलं, पाण्यात भिजवून चिकटवायचं, परदेशी फुलापानांचं. चिकटवलं, आणि वर पॉलिशचा हात मारला.

फिलोमिना बाई मे महिन्यात गिटार न्यायला आल्या. त्यांनी ती मांडीवर घेतली, तारा छेडल्या. आवाजाला मान डोलावली. मग अंगठ्याने कडं घासलं.

"हा कागद आहे," त्या म्हणाल्या.

राजगोपालने खिशातून रुमाल काढला.

"मिस्टर राव, पहिलं कुणी केलं होतं?"

कनका आतल्या खोलीत कपाटाशी उभी होती. बाहेरून राजगोपालचा आवाज आला, हलका. "माझ्या बहिणीने."

"सगळं कडं?"

"कडं. कडेच्या पट्ट्या. पॉलिश. मी मधे फक्त घाई करत होतो."

आपण हे शब्द ऐकले की मोकळं वाटेल अशी कनकाची चार महिने समजूत होती. तसं झालं नाही. तिला उलट जास्तच राग आला. खरं बोलायला या माणसाला स्वतः हरावं लागलं. मी जिंकले असते तेव्हा का नाही बोलला? ती बाहेर आली. राजगोपाल मान खाली घालून बसला होता. त्याच्या नखांत अजून सरस होता.

"मी करीन," ती बाईंना म्हणाली. "पण तेच कडं नाही. ते झालं एकदा. तुमच्यासाठी वेगळं आखीन, तुम्ही इथे येऊन लाकडं बघायची. आणि आत भोकातून दिसेल असं लेबल लावायचं, त्यावर दोन नावं. कबूल?"

"अर्थात," फिलोमिना बाई म्हणाल्या. इतकं साधं 'अर्थात' कनकाने चार महिन्यांत कुणाकडून ऐकलं नव्हतं.

बाई गेल्यावर तिने भावापुढे कोरा कागद आणि पेन ठेवलं. "समितीला लिही. आत्ता म्हणालास तेच."

"कनका, हसं होईल माझं. ओतशाळेत सगळ्यांनी ते प्रमाणपत्र पाहिलंय."

"होऊ दे. माझं आधीच झालंय, भिंगातून."

त्याने लिहिलं. तीन ओळी, वळणदार इंग्रजीत. सही करून कागद तिच्याकडे न बघता सरकवला आणि गच्चीवर निघून गेला. आठ दिवस दोघे एकमेकांशी कामापुरतं बोलले. त्या गिटारवरचा छापील कागद त्याने गरम पाण्याने काढून तक्ता पुन्हा घासून दिला, तेवढं मात्र त्याने न सांगता केलं.

समितीकडून जूनमधे उत्तर आलं नाही, जुलैमधेही नाही. ऑगस्टच्या पहिल्या रविवारी कनकाने स्टूल घेऊन घड्याळाखालचं प्रमाणपत्र उतरवलं. राजगोपाल पेपर वाचत होता. त्याने वर पाहिलं.

"कुठे नेतेस?"

"कचेरीत. परत द्यायला. हाताने दिलं की रकाना शोधावा लागेल त्यांना."

त्याने पेपरची घडी घातली. "कृष्णकांत पुन्हा चष्मा वर चढवील," तो म्हणाला. "सेरी, बरं. थांब, शर्ट घालतो. मीही येतो."

"ये," ती म्हणाली. "पण बोलणार मी."