पिवळं बनियन

माझा धाकटा भाऊ आगीचा बंब चालवतो आणि चाळिशी ओलांडली तरी घरात त्याला सगळे ढब्बूच म्हणतात. लहानपणी ज्या बाळशाचं कौतुक झालं ते अंगाला चिकटूनच राहिलं. आजवर त्यापायी त्याचं काही अडलं नव्हतं. यंदा मात्र बंबखान्याच्या वार्षिक तपासणीत नवा नियम आला. वजन ठरलेल्या आकड्याच्या वर गेलं, की चालकाला गाडीवरून उतरवायचं. ढब्बू तडक माझ्या औषधांच्या दुकानात आला.

"ताई, वजन उतरवायची गोळी दे."

"जिभेला कुलूप लाव. ते कुलूप माझ्याकडे मिळत नाही."

"थट्टा नको गं. बंब गेला तर मी करू काय? मला दुसरं काही येतच नाही."

त्याचे डोळे भरून आले होते. मला त्याची दया आली, आणि मला कोणाची दया आली की मी भाषण देते. त्याला स्टुलावर बसवलं आणि सुरुवात केली. या औषधांना शंभराहून जास्त वर्षांचा इतिहास आहे आणि त्यात मिरवण्यासारखं फार थोडं आहे. आधी जनावरांच्या थायरॉईड ग्रंथी वाळवून त्यांची पूड देत. तिने शरीर जोरात चाले, आणि काळीजही. मग भूक मारणाऱ्या गोळ्या आल्या. त्या मेंदूला सांगायच्या, वाघ मागे लागलाय, आता कसलं जेवण! घेणारी बाई दिवसभर घर झाडत सुटायची, बारीक व्हायची, आणि गोळी बंद झाली की सैरभैर व्हायची. पुढे दोन गोळ्यांची एक जोडी फार गाजली. तिने हृदयाच्या झडपा बिघडवल्या, तेव्हा कुठे ती बाजारातून उठली. आतड्यात चरबी पचू न देणारी गोळी त्या मानाने गरीब, पण न पचलेली चरबी कधी ना कधी बाहेर पडतेच.

"शिडीवर असताना पडली तर खालच्यांचे हाल," मी म्हटलं. तेवढ्यापुरता तो हसला.

"आणि ती नवीन सुई?"

"ती आतड्यातल्या एका संप्रेरकाची नक्कल करते. पोट सावकाश रिकामं होतं, मेंदूला वाटतं जेवण झालं. गुण येतो. पण ती डॉक्टरने तपासून द्यायची, आणि महिने लागतात."

"तपासणी तोंडावर आलीये, ताई."

"मग दोन घास कमी खा."

तो तोंड पाडून गेला आणि नंतर दुकानाकडे फिरकलाच नाही. वजन झरझर उतरतंय एवढं कानावर आलं, म्हणून मीही मनातल्या मनात त्याची पाठ थोपटली.

पुढचं मला नंतर कळलं. बंबखान्यात एक रीत आहे. आगीवरून तापून आलेल्या माणसाला आल्या आल्या पाईपखाली उभं करायचं आणि गार होईपर्यंत चेष्टा करायची. ढब्बू हल्ली आग लागली नसली तरी पाईपखाली उभा राहायचा. सोबतचे म्हणायचे, "ढब्बू वितळतोय." घरीही तो ऐन थंडीत उघड्या अंगाने पंख्याखाली बसायचा. पण बंबवाल्याच्या अंगातून वाफा निघाल्या तर दचकायचं कोणी?

एका दुपारी भावजय पिशवी घेऊन दुकानात आली. तिने त्याचं बनियन काउंटरवर पसरलं. पाठीवर आणि काखेत पिवळंजर्द.

"ताई, हा डाग कशाने जाईल? साबण झाला, सोडा झाला."

"कशाचा आहे?"

"आग विझवायच्या फेसाचा असेल. कामावर काय काय उडतं अंगावर."

फेस बाहेरून उडतो. हा डाग आतून आलेला होता.

"उशीचा अभ्राही पिवळा होतो का गं?"

"हो! तुम्हाला कसं कळलं?"

या औषधांच्या इतिहासातली एक पूड मी कोणालाच सांगत नाही, कारण असलं ऐकून लोकांना धाक बसण्याऐवजी मोह होतो. ती दारूगोळ्याच्या कारखान्यातली. पहिल्या महायुद्धात ती हाताळणारे कामगार पिवळ्या घामाने निथळत, बारीक होत, काही मरतही. पुढे काही शहाण्यांनी ठरवलं की यातलं बारीक होणं तेवढं उचलावं. अन्नातून मिळालेली शक्ती ही पूड शरीराला वापरू देत नाही, तिची नुसती उष्णता करून टाकते. चरबी जळते खरी, पण भट्टी बंद करता येत नाही आणि विषाला उतारा नाही. माणसं आतून भाजून मेली. वाचलेल्यांपैकी कित्येकांना ऐन उमेदीत मोतीबिंदू झाले. बंदी आली, तरी चोरून विकतात. नाव आजही सांगणार नाही.

मी बंबखान्यात फोन लावला. तिथले अधिकारी निवांत होते.

"इथेच आहे तो. जरा कणकण वाटतेय म्हणून आडवा झालाय. तापाची गोळी देऊ का?"

"काही देऊ नका! तो ताप नाही. विष पोटात गेलंय. त्याला पाण्याखाली धरा, बर्फ लावा, रुग्णवाहिका बोलवा. आत्ता!"

आगीची माणसं हुकूम मिळाला की प्रश्न विचारत बसत नाहीत. रुग्णवाहिका येईपर्यंत त्यांनी त्याच्यावर पाणी धरून ठेवलं. इस्पितळात डॉक्टरांनी त्याला बर्फात ठेवलं. बाहेरच्या बाकावर भावजय ते बनियन मांडीवर घेऊन बसली होती.

"मी रोज धूत होते, ताई," ती म्हणाली. "रोज."

ढब्बू वाचला. कॅप्सूल व्यायामशाळेतल्या कोणीतरी दिल्या होत्या. तो उठून बसायला लागला तेव्हा मी त्याला मनसोक्त शिव्या घातल्या आणि मग त्याच्याच खांद्यावर डोकं ठेवून रडले.

त्याची तपासणी पुढे ढकलली गेली होती. काही महिन्यांनी ती झाली, तेव्हा मी सोबत गेले. ढब्बू वजनकाट्यावर उभा राहिला आणि आकडा नियमात बसला. त्याने माझ्याकडे बघून भुवया उडवल्या, अगदी लहानपणी उडवायचा तशा. डॉक्टरांनी हसत त्याला समोरच्या भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता वाचायला सांगितला.

ढब्बूने डोळे चोळले, पुन्हा पाहिलं, पुन्हा चोळले.

"साहेब, तक्ता जरा पुसून घेता का?" तो म्हणाला. "धूर बसलाय त्याच्यावर."

तक्ता नवा कोरा होता.