मागाच्या पाचरी

चाकाची लोखंडी धाव पुन्हा निसटली, तेव्हा टोबायस गाडीखाली वाकला आणि बराच वेळ वाकलेलाच राहिला. उठून करायचे काय, हे त्याला ठाऊक होते. म्हणूनच उठवत नव्हते.

प्लाट नदी मागे पडल्यापासून हवा अशी कोरडी झाली होती, की ओठांबरोबर चाकेही तडकत होती. सैल चाके रात्रभर नदीत भिजवून फुगवायची, ही ऑरेगॉनच्या वाटेवरची रीत. टोबायसने घाईत त्या फुगलेल्या लाकडावरच लोखंडी धाव तापवून चढवली होती. आता लाकूड वाळून आकसले होते, आरे खुळखुळत होते आणि धाव पुन्हा तापवायला करड्या झुडपांखेरीज आसपास सरपण नव्हते.

तांड्याचा कप्तान प्रुइट घोड्यावरून उतरलासुद्धा नाही.

"परत तुझंच चाक? आता काय, कडेवर घेऊन जायचं त्याला?"

"पाचरी मारल्या की बसेल, कप्तान. कठीण, मुरलेलं लाकूड हवं फक्त."

"मग आहे की तुझ्या गाडीत! ऊन कलायच्या आत निघालो नाही, तर पाणी गाठायचं नाही. जमत नसेल तर गाडी सोड इथंच."

गाडीत त्याच्या बायकोचा, केझायाचा, कापड विणायचा मेपलचा माग होता. तिकडे ऑरेगॉनात पहिले पीक हाती येईपर्यंत घर त्याच्यावरच चालायचे होते. ओझे कमी करायला वाटेत लोखंडी चूल टाकली, पेट्या टाकल्या. मागाला हात लावणार नाही, असा शब्द मात्र त्याने दिला होता.

"मला विचारायचंय ना? विचार," केझाया म्हणाली.

"चूक माझी आहे."

"ती साऱ्या तांड्याला ऐकू येतेय. केव्हाची खुळखुळतेय."

"झुडपांचं लाकूड बघू का?"

"बघ. दात कोरायला होईल."

ती रागावली असती, तर त्याला बरे वाटले असते. तिने करवत आणून त्याच्या हाती दिली आणि मागाचा आडवा दांडा स्वतः दाबून धरला.

पाचरी घट्ट बसल्या. उरलेला सांगाडा धुळीत पडला होता.

"हे चढवू परत?"

"कशाला? बैलांच्या बरगड्या दिसतात का तुला? मागून येणारे कॉफी उकळतील त्यावर."

तिने फक्त मागाची फणी सोडवून घेतली. सांगाडा पुन्हा ठोकता आला असता; ताण्याचे धागे ओवायची बारीक दातांची ती फणी रानातल्या लाकडातून कुणाला सहज घडवता येणारी नव्हती.

तांडा हलला. केझाया फणी शालीत गुंडाळून गाडीच्या कडेने चालू लागली.

"दे, मी धरतो थोडा वेळ."

"नको," ती म्हणाली. "तू बैल हाक."