राहिलेला एक शेरा

रत्नमालानं साठच्या साठ जुन्या तारखा निवडल्या, तेवढ्यात सुदर्शन सरांनी मागून तिची खुर्चीच धरली.

“अगं, थांब! मागचं पुन्हा चालवलंस तर मेसेजही पुन्हा जातील. पाच वर्षांपूर्वीच्या शिबिराला लोक आज मेंढ्या हाकत येतील!”

“सगळं नाही चालवत, सर. जुन्या तारखांवर फक्त नवं काम. बाकीच्याला हातही लावत नाही.”

उस्मानपुऱ्यातल्या या छोट्या कंपनीकडे मेंढ्यांच्या लसीकरणाच्या याद्या होत्या. दर महिन्याला संगणकावर कामं आपोआप एकामागून एक चालायची: नोंदी आणायच्या, कुणी लस चुकवली ते लिहायचं, मेसेज पाठवायचे. आणि ज्या शहाण्यानं हे सगळं बांधलं, त्यानं मेंढपाळ ओळखायचा ठरवला तो गावावरून! आता धनगराचा कळप काय एका गावात बसतो? लस टोचली पैठणकडं, नाव शोधलं गंगापुरात. सापडलं नाही की मारला शेरा, ‘लस चुकवली’.

रत्नमालाच्या वडिलांच्या, मुंजाबाच्या नावावर असे दहा शेरे होते. पाच वर्षांत दहा शिबिरं, दहाच्या दहा वेळा शेरा. यादी गावात चावडीवर लागायची, आणि दुसरे मेंढपाळ त्याच्या कळपाशेजारी आपला कळप बसू देत नव्हते. जन्मभर जनावरं पोटच्या पोरासारखी सांभाळलेला माणूस मान खाली घालून दूर माळावर उतरायचा.

म्हणून तिनं नवं काम जोडलं: गाव सोडा, मेंढीच्या कानातल्या बिल्ल्याचा नंबर जुळवा; जुळला की शेरा पुसा. पण नवं काम चालतं ते जोडल्या दिवसापासून पुढं. पडद्यावर मागच्या तारखांसमोर त्याची चौकट रिकामीच. सर म्हणाले होते, “पुढचं नीट झालं ना? मग झालं तर.” झालं कसं? डाग तर मागचाच होता.

तिनं बटण दाबलं. एकेक रिकामी चौकट हिरवी होत गेली. मेसेजच्या चौकटी जागच्या हलल्या नाहीत. सर बोटांवर मोजत होते. साठावी हिरवी झाली आणि चारशे बारा मेंढपाळांची नावं धुऊन निघाली.

“मानलं बाई तुला!”

तिनं मुंजाबाचं नाव उघडलं. नऊ शेरे गेले होते. एक तसाच होता.

तिनं दोनदा तपासलं. त्या शिबिरात मुंजाबाच्या मेंढ्यांच्या बिल्ल्यांची नोंदच नव्हती. ती जिन्यात गेली आणि फोन लावला.

“आबा, नऊ पुसले. एक ऱ्हायलाय, चार वर्सांमागचा, जुलैचा. आठवून सांगा, नोंद चुकली असंल.”

पलीकडं मेंढरांचा गलका होता. मुंजाबा हसला.

“नोंद नाय चुकली. लसच चुकली व्हती.”

“ती कशी?”

“डॉक्टर आलं त्या दिवशी म्या शहरात, तुझ्यासंगं. कॉलेजात तुझं नाव घालाया. तुझी माय एकटी. दोनशे मेंढरं कोन धरनार?”

रत्नमाला जिन्याच्या पायरीवर बसली.

“मग कारण लिहून शेरा काढता येतोय का बघते, आबा.”

“हात लावू नको त्याला! नऊ खोटं व्हतं, ते तू काढलंस. लई झाक केलंस. ह्यो एक खरा हाय, ऱ्हाऊ दे. चावडीवर कुनी बोट दावलं तर मान वर करून सांगीन, त्या दिवशी पोरीला कॉलेजात घालाया गेलो व्हतो.”

रत्नमाला वर आली आणि यादी तशीच छापायला दिली.