रुक्मीचं अर्धुक

"मथुराबाई, औषध लागू पडलं!" ज्ञानदा सिस्टरनं दारातच त्यांचे दोन्ही हात धरले. "सगळीकडचे निकाल आले. ज्यांना खरी गोळी मिळाली त्यांची फुप्फुसं वाळायची थांबलीत. आता तुम्हालाही तीच गोळी सुरू करायची."

मथुराबाईंनी नुसती मान हलवली. वैरागहून एसटीनं यायचं, मग मेडिकल कॉलेजच्या दवाखान्याचा हा जिना चढायचा, त्यात छातीचा पार भाता होऊन जायचा. मागं आदिनाथ पिशवी घेऊन उभा होता. त्याला पुतण्या म्हणा, भाचा म्हणा, दोन्ही खरं.

"माजी बहीन असती तर नाचली असती बगा," बाकावर बसत त्या म्हणाल्या. त्यावर सिस्टरचं हसू मावळलं. "बसा. विरुपाक्ष डॉक्टरांना तुमच्याशी बोलायचंय," म्हणून ती आत गेली.

मथुरा आणि रुक्मिणी सख्ख्या बहिणी आणि सख्ख्या जावाही. एकाच मांडवात दोन भावांना दिलेल्या. त्यांची आई मोठी खमकी बाई. एक तीळ सात जणींत करंडून खावा, हे तिचं उठता बसता चाललेलं. घरात एक खारीक आली तरी ती अडकित्ता थोरलीच्या हातात द्यायची आणि वर नियम घालून द्यायची, की जिनं कापलं तिनं मागनं उचलायचं. मथुरा बिचारी जीव लावून बरोब्बर मधोमध कापायची. रुक्मी मात्र दोन्ही तुकडे डोळ्यांजवळ नेऊन, वास घेऊन, थोरलीला पुरती रडकुंडीला आणून मगच एक उचलायची. लबाड होती ती लहानपणापासून.

आई खोकून खोकून गेली, तेव्हा सगळे म्हणाले, चुलीच्या धुरानं गेली. पुढं या दोघींनाही लागोपाठ तसाच कोरडा खोकला लागला. विरुपाक्ष डॉक्टरांनी छातीचे फोटो उजेडात धरून सांगितलं, की हा घराण्यातून आलेला आजार आहे. फुप्फुसं वाळक्या घोसाळ्यासारखी होत जातात. यावर एक नवं औषध तपासायचं चाललंय, त्यात येता का? बुडत्याला काय विचारायचं? दोघींनी अंगठे उठवले.

सिस्टरनं मग दोघींपुढं दोन डबे ठेवले होते. "काही डब्यांत खरं औषध आहे आणि काहींत दिसायला अगदी तशीच, पण औषध नसलेली गोळी. कुणाच्या वाट्याला काय आलंय, ते कुणालाच ठाऊक नाही."

"तुमाला तरी ठावं असंल की!" मथुराबाई म्हणाल्या होत्या.

"मलाही नाही, डॉक्टरांनाही नाही."

"मंग देवाला?"

"देवाला आणि एका कॉम्प्युटरला," सिस्टर म्हणाली, तशी रुक्मी इतकी हसली की तिला खोकल्याची उबळ आली. उबळ थांबल्यावर सिस्टरनं बजावलं होतं, "एका घरात आहात, तेवढं सांभाळा. आपापल्या डब्यातलीच गोळी घ्यायची. अदलाबदल करायची नाही."

दोघींनी माना डोलावल्या होत्या. पण दुसऱ्या दिवशी भाकरी खाऊन झाली आणि मथुराबाईंचा हात काही डब्याकडं जाईना.

"रुक्मे, तुज्या डब्यात खोटी निगाली तर गं?"

"अन् तुज्यात निगाली तर?"

"माजं काय, मी म्हातारी झाले. तुज्या आदिनाथाचं लगीन व्हायचंय अजून." आणि त्यांनी चंचीतला अडकित्ता काढला. "दोनीबी गोळ्या कापू. जी खरी असंल ती दोगींच्याबी पोटात जाईल."

"सिस्टर नगं म्हनलीय, आक्का."

"सिस्टरला काय ठावं बहिनी कशा असत्यात! उचल मुकाट्यानं."

तेव्हापासून रोज सकाळी चुलीपाशी तो खेळ चालायचा. मथुराबाई कापायच्या, तळहात पुढं करायच्या. रुक्मी मुद्दाम वेळ लावून आपली अर्धुकं उचलायची आणि उरलेली थोरलीनं घ्यायची. दवाखान्यात रिकामे डबे दाखवले की सिस्टर म्हणायची, "शाब्बास! दोघींची एकही गोळी चुकली नाही." तेव्हा या एकमेकींकडं चोरून बघायच्या. जगाला फसवून बहिणीला वाचवल्याचा केवढा आनंद होता तो! पण रुक्मीला लागणारी धाप काही कमी होईना. शेवटी शेवटी भाकरीचा घास घेतानाही तिला थांबावं लागे. संक्रांतीच्या तोंडावर ती गेली.

"या, मथुराबाई." डॉक्टर स्वतः दारापर्यंत आले होते. आदिनाथनं मावशीला धरून खुर्चीवर बसवलं.

डॉक्टर सरळ बोलणारा माणूस. "निकालानंतर आम्हाला कळलं, कुणाला काय मिळालं ते. तुमची गोळी औषधाची नव्हती, मथुराबाई. रुक्मिणीबाईंची मात्र खरी होती."

मथुराबाईंना आधी नीट उमगलंच नाही. "खरी हुती? रुक्मीची?"

"हो. आणि तिथंच आमचं गाडं अडलंय. बाकीच्यांना गुण आला आणि त्यांनाच का नाही? तुम्ही औषधाशिवाय तगलात, आणि त्या औषध घेऊनही गेल्या. तुमच्यासारखी आजार घराण्यातून आलेली माणसं आमच्याकडं मोजकीच. त्यामुळं शंका येते, की अशा घराण्यांना ही गोळी लागूच पडत नसावी. तसं नोंदवावं लागेल. तुम्हाला आता सुरू करून बघू, पण मी भरवसा देणार नाही." मग ते आदिनाथकडं वळले. "आणि तूही दरवर्षी छाती तपासून घेत जा बाबा. तुझ्या आईचं रक्त आहे तुझ्यात."

मथुराबाई खाली बघत राहिल्या. डाव्या हाताची बोटं नकळत चंचीवर गेली. वर्षभर त्यांना वाटत होतं की आपण देतोय. आणि रोज सकाळी, तिच्याच डोळ्यांदेखत, त्या तिच्या जिवातलं अर्धं काढून घेत होत्या. बदल्यात तिला काय दिलं? खडू! आज हा जिना चढण्याइतका दमसुद्धा तिच्याच अर्ध्यावर उरला होता.

गप्प बसल्या असत्या तर कुणाला कळणार होतं? रुक्मी सांगायला येणार नव्हती. आणि आदिनाथ तर त्यांच्या म्हातारपणाची काठी. नवरा, दीर, बहीण, सगळी गेल्यावर उरलेला एवढा एकच. तो नातं तोडून बसला तर जायचं कुठं? पण त्याचीही छाती त्याच रक्ताची होती. उद्या त्याला खोकला लागला आणि डॉक्टर म्हणाले, तुमच्या घराण्याला ही गोळी नको, तर?

"सायेब," त्या म्हणाल्या, "औषदाला बोल लावू नगासा. तिला अख्खी गोळी कवा मिळालीच न्हाय."

"म्हणजे?"

मथुराबाईंनी चंची उघडून अडकित्ता टेबलावर ठेवला. "रोज कापायची मी. तिची बी अन् माजी बी. अर्दी अर्दी खायचो. तिची खोटी निगाली तर, म्हून... ती नगंच म्हनत हुती. म्याच हट्ट केला."

डॉक्टरांनी चष्मा काढून हातात धरला. सिस्टरच्या डोळ्यांना धार लागली. "मीच तुम्हाला नीट समजावायला हवं होतं."

"न्हाय गं बाई. तू सांगितलंस. म्या ऐकलं न्हाय."

मागं खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. आदिनाथ बाहेर निघून गेला होता. मथुराबाईंनी अडकित्ता परत चंचीत टाकला आणि त्याही उठल्या.

एसटीत तो शेजारीच बसला, पण तोंड दुसरीकडं करून. वडाळा मागं पडल्यावर एकदाच बोलला. "आई बसून बसून झोपायची, मावशे. आडवं झालं की जीव घाबरायचा तिचा. तुला दिसत हुतं की."

"दिसत हुतं रं."

"मंग सिस्टरला इचारायचं तरी एकदा."

"इचाराय पायजे हुतं," त्या म्हणाल्या. वैरागला उतरताना त्यानं नेहमीसारखा हात दिला. पाय जमिनीला टेकल्याबरोबर सोडूनही दिला.

सकाळी मथुराबाईंनी भाकरी खाल्ली. आदिनाथनं नवा डबा आणि पाण्याचा तांब्या त्यांच्यापुढं आणून ठेवला. त्याचे डोळे सुजलेले होते.

"अख्खी घे," तो म्हणाला आणि रानाकडं निघून गेला.

त्याच्या पाठमोऱ्या अंगाकडं त्या दिसेनासा होईपर्यंत बघत राहिल्या. मग डब्यातून गोळी काढली. रुक्मीचा पाट अजून चुलीपलीकडं तिच्या जागेवरच होता, तो उचलायचा धीर घरात कुणाला झाला नव्हता. बघता बघता डोळे भरून आले, समोरचं दिसेना, आणि हात आपलं जुन्या सवयीचं काम करून गेला. कट्‌ असा आवाज झाला तेव्हाच त्या भानावर आल्या. मांडीवर अडकित्ता होता आणि तळहातावर गोळीचे बरोब्बर सारखे दोन तुकडे.

दोन्ही तोंडात टाकले असते तर अख्खी गोळीच झाली असती. तेवढं त्यांना कळत होतं. पण मथुराबाईंनी तळहात पाटाच्या दिशेनं पुढं केला आणि तसाच धरून ठेवला. कापणारीनं आधी उचलायचं नसतं.