उथळ बाजू

मासोळीबाईंना पाण्याला घाबरणारी माणसंच जास्त आवडत. ज्याला भीती नाही तो शिकत नाही, नुसता हातपाय आपटतो, असं त्यांचं ठाम मत. नगरपालिकेच्या जुन्या तलावावर त्यांनी सव्वीस वर्षं पोहायला शिकवलं आणि शिकवायची रीत एकदाही बदलली नाही. पहिला आठवडा उथळ बाजूला नुसतं उभं राहायचं. कठडा धरायचा, पाण्यात तोंड घालायचं, बुडबुडे काढायचे. "आधी पाय टेकायला शिका, मग उचलायला," हे त्यांचं वाक्य निम्म्या शहराने नाकात पाणी जाता जाता ऐकलेलं होतं.

मग शहराला मोठ्या क्रीडास्पर्धा मिळाल्या. खरं तर अंगावर पडल्या. पण तेव्हा सगळे मिळाल्या असंच म्हणत होते, आणि बाई सगळ्यांत मोठ्याने.

स्पर्धांसाठी नवा तलाव बांधायचा ठरला आणि समितीत जाणकार म्हणून बाईंना बोलावणं आलं. इंजिनिअरसाहेबांनी टेबलावर नकाशा पसरला. "तुमच्या अनुभवाशिवाय आमचं पान हलायचं नाही, मॅडम." मॅडम! सव्वीस वर्षं ओल्या टॉवेलात वावरलेल्या बाई पार हरभऱ्याच्या झाडावर चढल्या.

नकाशात एक टोक जेमतेम मीटरभर खोल दाखवलं होतं. बाईंनी त्यावर बोट ठेवलं. "हे काढा, साहेब. उथळ पाण्यात लाट तळावर आपटून परत येते, पोहणाऱ्याला मागे खेचते. सगळीकडे तीन मीटर ठेवा. बघा कसे विक्रम होतात."

"आणि इथली मुलं?"

"त्यांना जुना तलाव आहेच की."

साहेबांनी ते तसंच लिहून घेतलं. बाईंनी खाली झोकात सही ठोकली.

चार महिन्यांनी जुन्या तलावात राडारोडा ओतला गेला. पाहुण्यांच्या गाड्या लावायला जागा हवी होती. बाई धावत साहेबांकडे गेल्या. साहेबांनी पाणी मागवलं, पंखा वाढवला आणि म्हणाले, "काळजी कसली करता? स्पर्धा संपल्या की नवा तलाव तुमचाच." बाईंनी विश्वास ठेवला. इतकंच नाही, घरोघरी जाऊन आयांची समजूतही काढली. दोन वर्षं धीर धरा म्हणाल्या.

स्पर्धा बारा दिवस चालल्या. नव्या तलावात दोन विक्रम झाले. सगळ्यात मागच्या रांगेत बसलेल्या बाईंना रडू आलं, आणि शेजारच्या अनोळखी माणसाला त्यांनी सांगितलं की हे पाणी असं शांत का आहे ते मला विचारा.

तेराव्या दिवशी दिवे मालवले. जेवढ्या विजेत जुन्या तलावाचं वर्ष निघत असे, तेवढी नवा तलाव महिन्यात खात होता. हा पांढरा हत्ती कोणी पोसायचा यावर वर्षभर नुसती भांडणं झाली. शेवटी लोकांची बोंब वाढली, तेव्हा एका रविवारी तलाव सर्वांसाठी खुला होणार अशी पाटी लागली.

बाई तीसेक मुलं घेऊन फाटकाशी पोहोचल्या. त्यांची सात वर्षांची नात तर घरूनच पोहायचा चष्मा लावून आली होती आणि वाटेत दोनदा धडपडली होती.

पहारेकऱ्याने हात आडवा केला. "दोनशे मीटर पोहता येतं का यांना?"

"अहो, शिकायला आलीत ती."

"मग आधी शिकून या."

मुलं हसली. बाई हसल्या नाहीत. मुलांना फाटकाशीच थांबवून त्या तरातरा आत, साहेबांच्या खोलीत गेल्या.

"मॅडम, आत पाय टेकायला जागाच नाही," साहेब म्हणाले. "एखादं पोर बुडालं तर?"

"मग एक बाजू भरून उथळ करा."

"त्याला पैसे नाहीत."

"स्पर्धांच्या आतषबाजीला होते!"

साहेबांनी कपाटातून एक फाईल काढली आणि उघडून बाईंसमोर सरकवली. स्वतःची सही ओळखायला बाईंना चष्मा लागला नाही.

"जुना पाडणार आहात हे तुम्ही सांगितलं नव्हतं," बाई म्हणाल्या. आवाज त्यांना स्वतःलाच बारीक वाटला.

"तुम्ही विचारलं नव्हतं."

ती फाईल साहेबांच्या तोंडावर फेकावी असं बाईंच्या मनात आलं. रागाने त्यांचे कान तापले होते. पण त्या रागातला अर्धाच साहेबांच्या वाट्याचा होता, आणि उरलेला कुठे फेकावा ते त्यांना कळेना. त्यांनी फाईल नीट मिटली आणि बाहेर आल्या.

फाटकाच्या गजांतून मुलं आत बघत होती. पाणी निळंशार होतं, आणि त्यात चिटपाखरू नव्हतं.

"घरी चला," बाई म्हणाल्या.

नातीने चष्मा कपाळावर सरकवला. "का?"

"फार खोल आहे."

"पण सगळीकडेच? इतकं खोल करायला कोणी सांगितलं, आजी?"

पहारेकरी ऐकत होता. मुलंही थांबली होती. साहेबांचं नाव घेतलं असतं तरी कोणी अविश्वास दाखवला नसता.

"मी," बाई म्हणाल्या, आणि तिच्या कपाळावरचा चष्मा काढून आपल्या पिशवीत ठेवला.